आस

भरड नाक्याच्या उतारावर माझं दुकान,
साडेतीन फूट रुंद, आणि त्यात मी.
उजव्या डोळ्याला भिंग लावून चौतीस वर्षं
लोकांचा वेळ उघडून बघत आलो.
म्हणून बारीक काही वाचायचं असलं की
अख्खं मालवण इकडे येतं:
औषधाच्या बाटलीवरची तारीख,
कर्जाच्या कागदाची मागची बाजू.

जयवंती खवणेकर आली ती आषाढात,
पदरात फोन गुंडाळून.
"बघ रे बाबा, माझे पैसे खंय गेले?"
दर महिन्याच्या नऊ तारखेला
तीनशे नव्व्याण्णव.

चैत्रात कुणीतरी तिच्या भावाच्या होडीसाठी
फोनात वारा भरून दिला होता.
वारा, लाट, मासळी कुठल्या वावात,
चौदा दिवस फुकट.
त्या चौदा दिवसांत दोनदा बांगडा बरा मिळाला;
फोनामुळे की देवीमुळे, कुणी विचारलं नाही.
आता बंदी. होडी दांडीवर झापांखाली.
वारा मात्र नऊ तारीख चुकवत नाही.
"होडी वर काढून म्हयनो झालो,
नि ह्यो माका अजून लाटा सांगता!"

सवयीने मी भिंग लावलं.
कागदावरचं अक्षर भिंगाखाली मोठं होतं,
पडद्यावरचं फुटतं.
लाल, हिरवे, निळे नुसते ठिपके,
रांगोळी घालायला बसून कुणी मध्येच उठून गेल्यासारखे.
भिंग काढलं, तेव्हा दिसलं
करड्यावर करडं, मुंगीच्या पायाएवढं:
मुदत संपण्यापूर्वी रद्द न केल्यास

म्हणजे लिहिलेलं होतं.
हे तिला मलाच सांगावं लागलं.
खोटं कुठेच नव्हतं, जयवंती,
फक्त फुकट हा शब्द शहाळ्याएवढा
आणि बाकीचं
वाळूत.

ती म्हणाली, "बारीक आस."

जाळ्याच्या भोकाला दांडीवर आस म्हणतात.
मोठ्या आसातून पिल्लू निसटतं,
बारीक आसातून पाण्याशिवाय काही सुटत नाही.
त्याला सरकारने माप घालून दिलंय, मिलिमीटरमध्ये.
"मग अक्षराक माप नाय?"
असेल. मला माहीत नव्हतं.
दुसऱ्या आसेबद्दल, जी जाळ्यात नसते,
आम्ही दोघंही बोललो नाही.

"मी वाट्यार एक बांगडो वर घालतंय,
तो काय फुडल्या म्हयन्यात परत मागतंय?"
नाही मागत. पण त्या वरच्या बांगड्यानेही
उद्याचं गिऱ्हाईक बांधलं जातंच,
असं माझ्या ओठावर आलं होतं.
गिळलं. ती दोरी निदान
सगळ्यांना दिसते.

रद्द करायला पाऊण तास गेला.
नक्की जाताय का, असं फोनाने चारदा विचारलं,
प्रत्येक वेळी राहतो हे हिरवंगार
आणि जातो हे शोधावं लागेल असं.
शेवटी सुटलो. गेलेले तीन हप्ते
गेलेच.

"तुझे किती?"
"फुकट," मी म्हटलं.

ती हसली नाही.
माझं पावतीपुस्तक तिने पुढ्यात ओढलं,
चोपड्या, खवल्यांच्या बोटाने
तळाची ओळ दाबून धरली.
"ह्यां काय तां वाच."

छापखान्याच्या माणसाने विचारलं होतं, ही ओळ कुठे घालू?
घाल रे कुठेतरी खाली, मी म्हटलं होतं.

भिंग न लावताच वाचलं. पाठ होतं:
तीन महिन्यांत घड्याळ न नेल्यास
दुकानदार जबाबदार नाही.

खणात एक्केचाळीस घड्याळं आहेत.
त्रेचाळीस होती.